कॅलिफोर्नियाचे रस्ते, प्रस्ताव २०९ आणि ५.६ टक्क्यांचा हिशेब

२८ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या घटनेतील एक नवे कलम, मतदारांनी मंजूर केलेला प्रस्ताव २०९, प्रत्यक्ष अमलात आले. त्या दिवसापासून राज्याच्या स्वतःच्या पैशातून होणाऱ्या रस्त्यांच्या कामांना एक नियम आणि वॉशिंग्टनमधील संघीय सरकारच्या मदतीने होणाऱ्या कामांना दुसरा, अशी स्थिती निर्माण झाली. कामे तीच होती, डांबर आणि सिमेंट तेच होते, निविदा काढणारे खातेही एकच होते. राज्याच्या त्या परिवहन खात्याला सगळे कॅलट्रान्स म्हणतात. बदलला होता तो एकच मुद्दा: मुख्य कंत्राटदाराने आपल्या कामाचा काही हिस्सा अल्पसंख्याकांच्या आणि महिलांच्या मालकीच्या कंपन्यांना द्यावा, अशी अपेक्षा सरकारने ठेवायची की नाही. सार्वजनिक कंत्राटांतील भेदभावविरोधी नियम बदलला तर सरकारी तिजोरीवर, कंत्राटदारांवर आणि लहान उद्योगांवर नेमका काय परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी मतांच्या गदारोळात हरवते. कॅलिफोर्नियात ते मोजता येण्यासारखे होते, म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहण्याजोगे आहे.

जुना नियम

अमेरिकेत सरकारी कंत्राट घेणाऱ्याने नोकरभरतीत भेदभाव करू नये, हे तत्त्व १९४१ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांसाठी काढलेल्या आदेशापासून चालत आले. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या ११२४६ क्रमांकाच्या आदेशाने त्याला कायमचे प्रशासकीय रूप दिले. पुढची पायरी कंत्राटांच्या वाटपाची होती. संघीय महामार्ग निधीतील किमान १० टक्के रक्कम वंचित गटांच्या मालकीच्या उद्योगांपर्यंत पोहोचावी, असे उद्दिष्ट १९८२ च्या कायद्याने घातले आणि १९८७ साली त्यात महिलांच्या मालकीच्या उद्योगांचा समावेश झाला. कॅलिफोर्नियाने स्वतःच्या निधीसाठी याहून वरचे उद्दिष्ट ठेवले होते: अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना १५ टक्के, महिलांच्या कंपन्यांना ५ टक्के आणि अपंग माजी सैनिकांच्या कंपन्यांना ३ टक्के.

हे आपल्याकडील राखीव जागांसारखे आरक्षण नव्हते, हे मराठी वाचकाने आधीच लक्षात घेतलेले बरे. निविदा सर्वांत कमी दराचीच स्वीकारली जाई. मात्र निविदाकाराने एकतर उद्दिष्ट गाठलेले असावे लागे किंवा ते गाठण्यासाठी प्रामाणिक प्रयत्न केल्याची कागदपत्रे जोडावी लागत. म्हणजे कोणत्या कंपन्यांना पत्रे पाठवली, कोणाला दूरध्वनी केला, कोणाचे दरपत्रक आले आणि ते का नाकारले, हे सारे कागदावर दाखवायचे. कागदपत्रे अपुरी ठरली तर सर्वांत कमी दराची निविदाही बाद होऊ शकत असे.

यात भारतीयांचाही थेट संबंध होता. भारतीय वंशाच्या उद्योजकांना अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनाने १९८२ साली सामाजिकदृष्ट्या वंचित गटांच्या यादीत घेतले आणि महामार्ग कार्यक्रमातही भारतीय उपखंडातून आलेल्यांचा स्वतंत्र गट मानला गेला. त्यामुळे पुण्याहून किंवा नागपूरहून शिकून गेलेल्या एखाद्या स्थापत्य अभियंत्याने कॅलिफोर्नियात सर्वेक्षणाची वा संरचना आराखड्याची कंपनी काढली असती, तर संपत्तीच्या आणि उलाढालीच्या मर्यादेत बसत असेपर्यंत तीही पात्र ठरली असती.

बदल कसा झाला

५ नोव्हेंबर १९९६ च्या मतदानात प्रस्ताव २०९ सुमारे ५४.६ टक्के मतांनी संमत झाला. सार्वजनिक नोकऱ्या, सार्वजनिक शिक्षण आणि सार्वजनिक कंत्राटे यांत वंश, लिंग, वर्ण, वांशिकता किंवा मूळ देश यांच्या आधारे राज्याने कोणाविरुद्ध भेदभाव करू नये आणि कोणाला झुकते मापही देऊ नये, असे त्याचे सार होते. त्यात एक अपवाद ठेवला होता, आणि सगळा अभ्यास पुढे त्या अपवादावरच उभा राहिला: संघीय निधी मिळवण्यासाठी जे करणे आवश्यक आहे, त्याला हे कलम आड येणार नाही. डिसेंबर १९९६ मध्ये संघीय जिल्हा न्यायाधीश थेल्टन हेंडरसन यांनी अंमलबजावणीला स्थगिती दिली, एप्रिल १९९७ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या संघीय अपील न्यायालयाने ती उठवली आणि ऑगस्टअखेर कलम लागू झाले. राज्याच्या निधीतील कामांची वंशाधारित आणि लिंगाधारित उद्दिष्टे गेली, संघीय मदतीच्या कामांची राहिली.

राजकीयदृष्ट्या हा निर्णय कोणत्या हेतूने झाला याची चर्चा अमेरिकेत भरपूर झाली आहे. अर्थशास्त्रज्ञाला मात्र त्यातून एक दुर्मीळ गोष्ट मिळाली. एकाच काळात, एकाच खात्याने, बहुतांशी त्याच कंत्राटदारांकडून घेतलेल्या निविदांचे दोन संच तयार झाले. एका संचाचा नियम बदलला, दुसऱ्याचा बदलला नाही. डांबराचा भाव चढला किंवा बांधकाम क्षेत्रात तेजी आली, तर ती दोन्ही संचांत दिसणार. दोन संचांतील फरक किती बदलला एवढेच पाहिले की नियमाचा परिणाम बराचसा वेगळा काढता येतो.

जस्टिन मॅरियन या अर्थशास्त्रज्ञाने हेच केले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा: प्रस्ताव २०९ नंतर राज्याच्या निधीतील कामांच्या यशस्वी निविदांचे दर, संघीय मदतीच्या कामांच्या तुलनेत, ५.६ टक्क्यांनी उतरले. एक कोटी डॉलरच्या रस्त्यावर हा फरक ५ लाख ६० हजार डॉलर होतो. ही रक्कम क्षुल्लक नाही, आणि जुन्या नियमाच्या समर्थकांनी ती बाजूला सारू नये असे मला वाटते. उद्दिष्टांना किंमत होती आणि ती करदाता भरत होता.

किंमत का उतरली

रस्त्याची निविदा प्रत्यक्षात कशी भरली जाते, हे पाहिल्याशिवाय या आकड्याचा अर्थ लागत नाही. मुख्य कंत्राटदार खोदाई, भराव, डांबरीकरण अशी मोठी कामे सहसा स्वतःच्या यंत्रांनी करतो. मालवाहतुकीचे ट्रक, कठडे, रस्त्यावरचे पट्टे, सळई बांधणी, वाहतूक नियंत्रण, कडेची झाडे ही कामे तो उपकंत्राटदारांकडून करून घेतो. निविदा भरण्याच्या दिवशी अखेरच्या काही तासांत उपकंत्राटदारांचे दर धडाधड येऊ लागतात. त्या काळात ते दूरध्वनीवर आणि फॅक्सवर येत. अंदाज काढणारा माणूस एका हाताने दर उतरवून घेतो आणि दुसऱ्या हाताने बेरीज बदलत राहतो. शिवाय कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील प्रत्येक उपकंत्राटदाराचे नाव निविदेतच लिहावे लागते. रस्त्यांच्या कामात ही मर्यादा निविदेच्या अर्धा टक्का किंवा १० हजार डॉलर, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती आहे. काम मिळाल्यावर आणखी स्वस्त माणूस शोधून आधीच्याला डावलता येऊ नये, यासाठी ही तरतूद आहे.

अशा घाईत उद्दिष्ट गाठायचे म्हणजे कंत्राटदाराला दोन गोष्टी कराव्या लागत. सर्वांत स्वस्त दर बाजूला ठेवून पात्र कंपनीचा थोडा महाग दर घ्यावा लागे, आणि जे काम त्याने एरवी आपल्याच माणसांकडून करून घेतले असते त्यातलेही काही बाहेर द्यावे लागे. यांतील दुसरी गोष्ट चर्चेत सहसा येत नाही, पण माझ्या मते खर्चाचे मूळ तिच्यात अधिक आहे. स्वतःची यंत्रे आणि माणसे रिकामी असताना काम बाहेर देणे हा खरा आर्थिक तोटा असतो, कारण त्यात साधने वाया जातात.

हाय-व्होल्टेज वायर वर्क्स विरुद्ध सॅन होजे शहर या खटल्यात हे फार स्पष्ट दिसते. सॅन होजे शहराने प्रस्ताव २०९ नंतरही एक कार्यक्रम चालू ठेवला होता. निविदाकाराने एकतर अल्पसंख्याक आणि महिला मालकीच्या उपकंत्राटदारांचा अपेक्षित सहभाग दाखवावा, किंवा अशा कंपन्यांना लेखी सूचना पाठवून, पाठपुरावा करून, वाटाघाटी केल्याचा पुरावा द्यावा, अशी त्यात अट होती. एका विद्युत कामासाठी हाय-व्होल्टेजची निविदा सर्वांत कमी दराची होती. ही कंपनी सगळे काम आपल्याच कामगारांकडून करणार होती, एकही उपकंत्राटदार नेमणार नव्हती, म्हणून तिने कोणाला पत्रे पाठवली नाहीत. शहराने निविदा बाद केली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हा कार्यक्रम प्रस्ताव २०९ चा भंग करणारा ठरवला. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, ज्याला उपकंत्राटदाराची गरजच नाही त्यालाही उपकंत्राटदार शोधायला लावणे हा नियमाच्या रचनेतला दोष होता. वंचितांना संधी देण्याच्या तत्त्वातून तो आला नव्हता, तपासणीच्या सोयीसाठी बनवलेल्या नमुन्यातून आला होता.

पहिल्या गोष्टीचे, म्हणजे महाग दराचे, गणित वेगळे आहे. एका उपकंत्राटदाराऐवजी दुसऱ्याला काम गेले आणि त्याने दोन पैसे जास्त घेतले, तर सरकारचा खर्च वाढतो. पण ते दोन पैसे समाजातून नाहीसे होत नाहीत, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात. ५.६ टक्क्यांतला किती भाग असा हस्तांतराचा आणि किती खऱ्या अपव्ययाचा, हे निविदेच्या रकमेवरून कळत नाही. तिजोरीची बचत आणि समाजाची बचत या दोन गोष्टी एकच मानून या अभ्यासाचा दाखला दिला जातो, तेव्हा वाचकाची दिशाभूल होते.

कॅलिफोर्नियाचा आकडा सगळीकडे लागू होतो असेही नाही. टेक्सासमधील महामार्ग कंत्राटांवर दक्षिणा डी सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उद्दिष्टे असलेल्या आणि नसलेल्या कामांच्या दरांत लक्षणीय फरक आढळला नाही. उद्दिष्ट स्थानिक बाजारात उपलब्ध असलेल्या कंपन्यांच्या क्षमतेला धरून ठेवले तर ते जवळजवळ फुकट पडते आणि क्षमतेच्या पलीकडे ठेवले तर महाग पडते, असा अर्थ मी या दोन निष्कर्षांतून काढतो.

आणखी एक निष्कर्ष प्रस्ताव २०९ च्या समर्थकांना अडचणीचा आहे. वंश आणि लिंगाचे निकष गेल्यावर कॅलिफोर्नियात निविदांची तुलना करताना लघुउद्योगांना मिळणारी ५ टक्क्यांची दरसवलत राहिलीच होती. ती कोणाचाही वर्ण विचारत नाही. मॅरियनच्याच २००७ च्या अभ्यासानुसार या सवलतीमुळे संबंधित कामांचा खर्च ३.८ टक्क्यांनी वाढला, आणि त्याचे कारण असे की कमी खर्चात काम करू शकणाऱ्या मोठ्या कंपन्या अशा निविदांतून अंग काढून घेत. म्हणजे तटस्थ दिसणारा नियमही फुकट नसतो. सरकार जेव्हा कंत्राटाच्या मार्गाने काही सामाजिक हेतू साधू पाहते, मग तो हेतू लघुउद्योगाचा असो, माजी सैनिकांचा असो की वंशभेद दूर करण्याचा, तेव्हा त्याचे बिल निविदेत येतेच.

पैशाच्या बदल्यात काय मिळत होते

खर्चाची बाजू दोन अभ्यासांनी दशांशापर्यंत मोजली. दुसऱ्या बाजूला असा आकडा कॅलिफोर्नियापुरता मिळत नाही, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त खटकते. २००६ सालच्या एका अहवालाने असे दाखवले की १९९६ मध्ये राज्याच्या वाहतूक बांधकाम क्षेत्रात प्रमाणित असलेल्या अल्पसंख्याक मालकीच्या कंपन्यांपैकी केवळ एक तृतीयांश दहा वर्षांनी चालू होत्या. हा आकडा मनाला चटका लावणारा आहे, पण तो एकटाच पुरावा म्हणून उभा राहत नाही. बांधकामातल्या लहान कंपन्या कोणत्याही काळात भराभर बंद पडतात. त्याच वयाच्या आणि आकाराच्या गोऱ्या मालकांच्या किती कंपन्या त्या दहा वर्षांत टिकल्या, हे शेजारी मांडल्याशिवाय नियमबदलाचा वाटा ठरत नाही.

अधिक भक्कम पुरावा उलट दिशेने येतो, म्हणजे नियम लागू केल्यावर काय झाले त्यातून. १९८० च्या दशकात अमेरिकेतील अनेक शहरांनी कंत्राटांचा काही हिस्सा अल्पसंख्याकांच्या कंपन्यांसाठी राखून ठेवला. प्रत्येक शहराने तो वेगवेगळ्या वर्षी सुरू केला. त्या फरकाचा उपयोग करून आरोन चटर्जी, केनेथ चे आणि रॉबर्ट फेअरली यांनी २०१४ साली दाखवले की कार्यक्रम सुरू झाल्यावर कृष्णवर्णीय पुरुषांचे स्वतःच्या उद्योगाचे प्रमाण वाढले आणि गोऱ्यांशी असलेले अंतर ३ टक्केबिंदूंनी कमी झाले. रोजगारातील अंतर कमी झाल्याचा पुरावा मात्र तितका स्पष्ट नव्हता, आणि लाभ मुख्यतः अधिक शिकलेल्यांना झाला. कार्यक्रमाने उद्योजक घडवले हे खरे, आणि वस्तीतल्या सर्वांत गरीब माणसापर्यंत तो फारसा पोहोचला नाही हेही तितकेच खरे.

उद्योजक घडण्याला इतके महत्त्व का द्यायचे, तर बांधकामात नवख्याला आत येण्याची वाट फार अरुंद असते. सरकारी कामासाठी काम पूर्ण करण्याची आणि मजूर-पुरवठादारांची देणी भागवण्याची हमी देणारा शुअरिटी बाँड लागतो. बाँड देणारी कंपनी आधी पार पाडलेली कामे, खेळते भांडवल आणि मालकाची पत पाहते. ज्याला आधी काम मिळालेले नाही त्याला बाँड नाही, आणि बाँड नाही म्हणून काम नाही. ज्यांच्या वडिलांना आणि आजोबांना कामगार संघटनांनी आणि बँकांनी दाराबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी ही वाट आपोआप रुंद होत नाही. उपकंत्राटाचे उद्दिष्ट ही साखळी एका ठिकाणी तोडत होते: मुख्य कंत्राटदाराच्या बाँडच्या छायेत एखादे छोटे काम, मग त्याचा दाखला, मग थोडे मोठे काम. हा फायदा एका निविदेत दिसत नाही. तो दहा-पंधरा वर्षांनी, निविदा भरणाऱ्यांची संख्या वाढून स्पर्धा वाढल्यावर दिसतो. लगेच दिसणारा खर्च आणि उशिरा येणारा लाभ यांच्यात खर्चाचीच बाजू कायम जड वाटते.

फसवणुकीचाही उल्लेख करायला हवा, कारण तो नियमाच्या खर्चाचाच भाग आहे. नावापुरती पात्र कंपनी पुढे करून काम दुसऱ्यानेच करायचे, असे प्रकार संघीय कार्यक्रमात वारंवार उघडकीस आले. पेनसिल्व्हेनियातील एका प्रकरणात हा प्रकार सुमारे पंधरा वर्षे चालला आणि त्यात १३ कोटींहून अधिक डॉलरची कामे गुंतलेली होती. उद्दिष्टाच्या टक्केवारीवर सगळे लक्ष आणि प्रत्यक्ष कामावर कोण आहे याच्या पाहणीकडे दुर्लक्ष, अशी व्यवस्था असली की हे घडणारच.

मोजमाप थांबवण्याचा निर्णय

मार्च १९९८ मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांनी आदेश काढून राज्याच्या खात्यांना जुन्या उद्दिष्टांची अंमलबजावणी थांबवायला सांगितले, आणि कोणाच्या मालकीच्या कंपनीला किती काम गेले याची नोंद ठेवण्याची यंत्रणाही त्यासोबत मोडकळीस आली. कायद्याने याची गरज नव्हती. कॉनर्ली विरुद्ध राज्य कर्मचारी मंडळ या २००१ सालच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने पाच कायद्यांतील प्राधान्याच्या तरतुदी रद्द केल्या, पण माहिती गोळा करून अहवाल देण्याची तरतूद घटनेत बसते असे म्हटले. झुकते माप देणे आणि नोंद ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या राज्याने भेदभाव करणार नाही असे घटनेत लिहून ठेवले, त्या राज्याला आपण तो खरोखर करत नाही हे दाखवायला नोंदींवाचून दुसरा मार्ग नाही.

नोंदी ठेवल्याचा उपयोग काय होतो, हे संघीय मदतीच्या बाजूने दाखवून दिले. २००५ साली वॉशिंग्टन राज्याच्या एका खटल्यात नवव्या सर्किटने असा निर्णय दिला की स्थानिक भेदभावाचा पुरावा असल्याशिवाय वंशाधारित उद्दिष्ट ठेवता येणार नाही. त्यानंतर २००६ मध्ये कॅलट्रान्सने संघीय कामांतूनही अशी उद्दिष्टे काढली, उपलब्ध कंपन्या आणि त्यांना प्रत्यक्ष मिळणारी कामे यांतील तफावतीचा सविस्तर अभ्यास करून घेतला आणि ज्या गटांबाबत पुरावा मिळाला त्यांच्यापुरती ती २००९ मध्ये पुन्हा लागू केली. कंत्राटदारांच्या संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने कॅलट्रान्सचा कार्यक्रम ग्राह्य धरला. नियम बदलण्याची ही पद्धत मला योग्य वाटते: आधी मोजा, मग पुराव्याच्या मर्यादेतच कृती करा, आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजा.

२०२० साली प्रस्ताव २०९ रद्द करण्याचा प्रयत्न झाला. प्रस्ताव १६ नावाने तो मतदारांपुढे गेला आणि ५७ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला गेला.

२०२५ मध्ये दुसरा संच, म्हणजे संघीय मदतीच्या कामांचा नियमही बदलला. २१ जानेवारीला अध्यक्ष ट्रम्प यांनी १९६५ चा ११२४६ क्रमांकाचा आदेश रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये संघीय वाहतूक खात्याने महामार्ग कार्यक्रमातील, ठरावीक वंशाचे मालक आणि महिला मालक वंचितच आहेत असे मानण्याचे गृहीतक काढून टाकले. यापुढे प्रत्येक मालकाला आपण वंचित असल्याचे वैयक्तिक पुराव्याने सिद्ध करावे लागेल, आणि जुन्या सर्व प्रमाणित कंपन्यांची अशी फेरतपासणी पूर्ण होईपर्यंत राज्यांना कंत्राटावर उद्दिष्ट ठेवता येणार नाही. कॅलिफोर्नियात ज्या तुलनेने ५.६ टक्क्यांचा आकडा दिला, ती आता उलट बाजूने करता येईल: राज्य निधीच्या कामांचा नियम स्थिर आहे, बदल संघीय कामांत झाला आहे. निविदांचे दर सार्वजनिक आहेत, ते मिळतीलच. पण फेरतपासणीत गळालेल्या कंपन्या, त्यांचे बाँड, त्यांचे कामगार आणि त्यांना मिळालेली उपकंत्राटे यांची २०२४ पर्यंतची नोंद प्रत्येक राज्याच्या परिवहन खात्याने आताच जपून ठेवली, तरच यावेळी हिशेबाची दुसरी बाजूही लिहिता येईल.